पॅरिसची पर्स आणि तिची नाशिकपर्यंतची पोच किंमत : एक प्रकरण अभ्यास

जानेवारी 2024 चा शेवटचा आठवडा होता. द्राक्षाची निर्यात सुरू झाली होती, आणि लाल समुद्रात जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारे कंटेनर सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात असल्याने, निफाड-दिंडोरी पट्ट्यातला प्रत्येक निर्यातदार वाढलेल्या वाहतूक खर्चाचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होता. अशा दिवसांत आमच्या शरणपूर रोडवरील कार्यालयात आमचे एक जुने अशील आले. निफाड तालुक्यात त्यांची बाग आणि पॅकहाउस आहे, राहायला ते गंगापूर रोडला आहेत, आणि कार्यालयातले आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. एरवी ते कागदांची जाड फाइल घेऊन येतात. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात वहीचे एकच पान होते आणि त्यावर त्यांच्या मुलीच्या अक्षरात सहा ओळींचा हिशेब होता.

बर्लिनमध्ये दरवर्षी भरणाऱ्या फ्रूट लॉजिस्टिका या प्रदर्शनाला नाना आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, निघाले होते. त्या वर्षी ते 7 ते 9 फेब्रुवारीला होते. तिथून तीन दिवस पॅरिस आणि मग पॅरिसहून थेट मुंबई असा बेत होता. मुलीचे लग्न मे महिन्यात ठरले होते. लग्नात तुला आमच्याकडून काय हवे, असे विचारल्यावर तिने दागिना न मागता एका फ्रेंच फॅशन-घराण्याची चामड्याची पर्स मागितली होती. नोव्हेंबर 2023 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालेल्या जिओ वर्ल्ड प्लाझामध्ये तिने ती पाहिली होती आणि तिथे तिची किंमत 2,95,000 रुपये होती. घराण्याचे नाव मी येथे देत नाही, कारण नाव बदलले तरी हिशेबाची रीत बदलत नाही.

पानावरचा हिशेब असा होता. पॅरिसमधील किंमत 2,600 युरो. 90 रुपये दराने 2,34,000 रुपये. पर्यटकाला मिळणारा करपरतावा 12 टक्के, म्हणजे 28,080 रुपये. निव्वळ खर्च 2,05,920 रुपये. मुंबईची किंमत 2,95,000 रुपये. फायदा 89,080 रुपये.

नाना म्हणाले, “साहेब, नव्वद हजार वाचत असतील तर तुमच्या वहिनीच्या विमानाचं तिकीट फुकटात पडलं की. यात कुठे चुकतंय का, तेवढं बघा.”

पानावरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. हिशेब अर्ध्या वाटेवर थांबलेला होता, एवढेच. द्राक्षाच्या पेटीचा न्हावा-शेवा बंदरातला भाव आणि रॉटरडॅमच्या आयातदाराला पडणारी पोच किंमत (सगळे खर्च आणि कर धरून माल हाती येईपर्यंतची किंमत) या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे नानांना मी सांगण्याची गरज नव्हती. पर्सच्या बाबतीत मात्र संपूर्ण कुटुंबाने दुकानातली किंमत हीच पोच किंमत मानली होती. आमच्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी जवळजवळ सगळेच असे मानतात, म्हणून हे प्रकरण संबंधितांच्या संमतीने, ओळख न देता, सविस्तर लिहीत आहे. यातील कायद्याचे सर्व आकडे फेब्रुवारी 2024 मध्ये लागू असलेल्या तरतुदींचे आहेत.

किंमत इथे जास्त का असते

मुंबईतील दुकानाची किंमत पॅरिसच्या किमतीपेक्षा सुमारे 26 टक्के जास्त होती. यामागे केवळ नफा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात भारतात येणाऱ्या मालावर आधी सीमाशुल्क बसते, मग 18 टक्के वस्तू व सेवा कर बसतो, आणि त्यावर मुंबईतील जागेचे भाडे व घराण्याचे स्वतःचे किंमत धोरण चढते. मोठी घराणी वेगवेगळ्या देशांतील किमतींमधली दरी फार वाढू देत नाहीत, कारण तसे झाले की एका देशात खरेदी करून दुसऱ्या देशात विकणारे मध्यस्थ तयार होतात. शनेलने 2015 मध्ये युरोपातील किमती वाढवून आणि चीनमधील कमी करून ही दरी मुद्दाम घटवली होती.

एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि या प्रकरणाचा अर्धा उलगडा तिच्यातच आहे. घराण्याची भारतीय कंपनी माल आयात करते तेव्हा सीमाशुल्क त्या मालाच्या आयात किमतीवर, म्हणजे दोन कंपन्यांमधील बिलाच्या किमतीवर लागते, आणि ती दुकानातील विक्री किमतीपेक्षा बरीच कमी असते. प्रवासी तीच पर्स बॅगेतून आणतो तेव्हा त्याच्या हातात असते ते किरकोळ विक्रीचे बिल, आणि शुल्काची आकारणी त्या पूर्ण किमतीवर होते. त्यामुळे प्रवासी हा सर्वांत महाग आयातदार ठरतो.

परताव्याचा खरा अर्थ

फ्रान्समध्ये मूल्यवर्धित कराचा दर 20 टक्के आहे आणि तो दुकानातील किमतीत धरलेलाच असतो. म्हणजे 120 मध्ये 20, किंवा बिलाच्या 16.67 टक्के. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला एका दुकानातील खरेदी 100 युरोंच्या वर गेली तर हा कर परत मिळू शकतो. परंतु व्यवहार सांभाळणारी परतावा कंपनी आपले शुल्क कापून घेते आणि प्रवाशाच्या हाती साधारण 12 टक्के पडतात. मुलीने 20 न धरता 12 धरले होते, यावरून तिने माहिती नीट काढली होती हे दिसत होते.

हा परतावा म्हणजे सूट नव्हे, ही गोष्ट मी तिला फोनवर मुद्दाम समजावून सांगितली. वस्तू फ्रान्समध्ये वापरली जाणार नाही, ती देशाबाहेर चालली आहे, म्हणून तेथील सरकार तिच्यावरचा आपला कर सोडून देते. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून अर्ज तयार करून घ्यावा लागतो, आणि परत निघताना विमानतळावरील पाब्लो नावाच्या यंत्रावर तो अर्ज प्रमाणित करावा लागतो. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत वस्तू संघाबाहेर गेली पाहिजे. तेथील सीमाशुल्क अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात, म्हणून सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते. थोडक्यात, प्रवासी तिथे लेखी सांगतो की ही नवी वस्तू मी बाहेर नेत आहे. हे वाक्य पुढे फार महत्त्वाचे ठरले.

इतर देशांचा विचार कुटुंबाने केला होता, तो थोडक्यात सांगतो. ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून पर्यटकांचा हा परतावा बंद केला असल्याने लंडनमार्गे जाण्यात अर्थ नव्हता. दुबईत मूल्यवर्धित कर मुळात 5 टक्केच आहे, त्यामुळे परत मिळण्यासारखे फारसे काही नसते. दुकानाकडून कुरियरने पर्स थेट नाशिकला मागवावी, असे मुलीच्या एका मैत्रिणीने सुचवले होते. पण त्या वाटेने प्रवाशाची शुल्कमुक्त मर्यादा मिळत नाही आणि सीमाशुल्काबरोबर एकात्मिक वस्तू व सेवा करही भरावा लागतो, जो प्रवाशाच्या सामानावर माफ असतो. म्हणून तो पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला.

कार्डाचा खर्च

नानांकडे असलेल्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनातील व्यवहारासाठी साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, होता आणि त्या मार्कअपवर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण 4.13 टक्के. 2,34,000 रुपयांवर ही रक्कम 9,664 रुपये होते. युरो भरलेले फॉरेक्स कार्ड यापेक्षा स्वस्त पडले असते, म्हणून ते घ्यावे असे मी सुचवले. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम उदारीकृत प्रेषण योजनेत (रहिवाशांनी परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत) मोजली जाते आणि त्या वेळी आर्थिक वर्षात 7 लाख रुपयांपुढील रकमेवर 20 टक्के कर आगाऊ गोळा केला जात होता. नाना त्या मर्यादेच्या खूप आत होते, त्यामुळे तो मुद्दा उद्भवला नाही. दुकानातील यंत्रावर “रुपयांत पैसे द्या” असा पर्याय आला तर तो स्वीकारू नये आणि युरोमध्येच पैसे द्यावेत, असेही बजावले होते, कारण त्या पर्यायातला विनिमय दर दुकानाची बँक ठरवते आणि तो ग्राहकाच्या हिताचा नसतो.

येथे नानांनी एक प्रश्न विचारला, जो बहुतेक व्यावसायिक विचारतात: प्रवास प्रदर्शनासाठी आहे, तर पर्सची रक्कम फर्मच्या प्रवास खर्चात घालता येईल का? येणार नाही. त्या वेळच्या आयकर कायद्याच्या कलम 37 मध्ये व्यवसायासाठी पूर्णतः केलेला खर्चच वजा मिळत होता आणि वैयक्तिक खर्च स्पष्टपणे वगळलेला होता. प्रदर्शनाचे भाडे आणि बर्लिनचे हॉटेल फर्मच्या खात्यात. पॅरिसचे तीन दिवस आणि पर्स नानांच्या स्वतःच्या खात्यात. त्यांनी ते लगेच मान्य केले.

सीमाशुल्क : हिशेब जिथे उलटतो

मुलीच्या पानावर भारतातील सीमाशुल्काची ओळच नव्हती. तिला नियम ठाऊक नव्हता असे नाही. “काका, आई-बाबा दोघं आहेत ना, म्हणजे पन्नास-पन्नास हजार मिळून एक लाखाची सूट आहे, आणि बाकीचं कोण बघतं?” असे ती म्हणाली. या एका वाक्यात दोन चुका होत्या. त्यातली पहिली कायद्याची होती.

बॅगेज नियम, 2016 प्रमाणे युरोपातून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला 50,000 रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्कमुक्त आणता येत होत्या. ही मर्यादा प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र होती आणि एका प्रवाशाची मर्यादा दुसऱ्याच्या मर्यादेत मिळवता येत नव्हती, असे नियमातच म्हटले होते. पर्स ही एक वस्तू. ती एकाच प्रवाशाच्या नावावर येणार. पती-पत्नी, आई-मुलगी, कोणतेही नाते असले तरी एका पर्सचे दोन भाग होत नाहीत. उरलेल्या किमतीवर मूळ शुल्क 35 टक्के आणि त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, असे मिळून 38.5 टक्के लागत होते. दोन मर्यादा एकत्र होतील या समजुतीची किंमत 50,000 रुपयांचे 38.5 टक्के, म्हणजे 19,250 रुपये होती.

मूल्य कोणत्या दराने काढतात, हाही प्रश्न असतो. सीमाशुल्क विभाग स्वतः अधिसूचित केलेला विनिमय दर वापरतो, कार्डाचा किंवा बाजारातला नव्हे. आम्ही हिशेबासाठी 91 रुपये धरले. बिलाची पूर्ण रक्कम, म्हणजे 2,600 युरो, धरली तर मूल्य 2,36,600 रुपये होते. त्यातून 50,000 वजा जाता 1,86,600 रुपये उरतात आणि त्यावर 71,841 रुपये शुल्क बसते. परतावा वजा करून 2,288 युरो धरले, तर शुल्क 60,910 रुपये होते. परताव्याचा अर्ज दाखवून निव्वळ रकमेची विनंती करता येईल, पण नियोजन मोठ्या आकड्यावरच करा, असा माझा सल्ला होता. परताव्याचे पैसे त्या क्षणी हातात आलेले नसतात आणि अधिकाऱ्यासमोर असलेला पक्का कागद म्हणजे दुकानाचे बिल.

आता संपूर्ण बेरीज करू. 2,34,000 मध्ये कार्डाचे 9,664 मिळवले, परताव्याचे 28,080 वजा केले आणि शुल्काचे 71,841 मिळवले, की पोच किंमत होते 2,87,425 रुपये. मुंबईच्या दुकानातील किमतीपेक्षा ती 7,575 रुपयांनी कमी. पानावरच्या 89,080 रुपयांपैकी एवढेच उरले.

नाना ते पान बराच वेळ पाहत राहिले. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे लोक सांगतात ते वाचलेले पैसे म्हणजे न भरलेली ड्युटीच की.” या विषयावर इतकी वर्षे सल्ला देताना मला इतके नेमके वाक्य सुचले नव्हते. परदेशात स्वस्त मिळाल्याच्या ज्या गोष्टी लग्नसमारंभांत आणि कॉलेज रोडच्या कॅफेंमध्ये ऐकू येतात, त्यांतील मोठ्या खरेदीच्या बहुतेक गोष्टींतला फायदा किमतींतील फरकाचा नसतो, तो चुकवलेल्या शुल्काचा असतो. आणि तो फायदा म्हणून मांडला, की ऐकणारा पुढचा प्रवासी त्याच गृहीतकावर आपला बेत आखतो.

नातेवाइकांचा सल्ला

मुलीच्या वाक्यातली दुसरी चूक “बाकीचं कोण बघतं” ही होती, आणि ती तिची एकटीची नव्हती. कुटुंबातील जवळच्या दोन नातेवाइकांनी नानांना सविस्तर मार्ग सांगितला होता: खोका आणि कापडी पिशवी पॅरिसलाच टाकून द्यायची, लेबल काढायचे, बिल फोनमध्ये ठेवायचे, पर्समध्ये रुमाल आणि गोळ्या-औषधे भरायची आणि वहिनींनी ती खांद्याला लावून ग्रीन चॅनेलमधून (शुल्कपात्र काही नसलेल्यांच्या वाटेने) सरळ बाहेर पडायचे. विचारलेच तर जुनी आहे म्हणायचे, कारण वापरातल्या वैयक्तिक वस्तूंवर शुल्क नसते.

शेवटचे विधान नियमाच्या शब्दांना धरून आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. वापरलेले वैयक्तिक सामान शुल्कमुक्त आहे हे खरे. पण तीन दिवसांपूर्वी विकत घेतलेली पर्स चार तास खांद्याला अडकवल्याने वापरलेले वैयक्तिक सामान होत नाही. त्याहून मोठी अडचण परताव्याची आहे. त्याच पर्सविषयी त्याच प्रवाशाने त्याच दिवशी सकाळी पॅरिसच्या विमानतळावर लेखी सांगितलेले असते की ही नवी वस्तू मी निर्यात करत आहे, आणि तिचा कर मला परत द्या. रात्री मुंबईत तोच प्रवासी म्हणणार की ही जुनीच आहे. एकाच वस्तूबद्दल एकाच दिवसात दोन सरकारांना दिलेल्या या दोन जबान्या आहेत, आणि पहिली जबानी पासपोर्ट क्रमांकासह नोंदलेली आहे.

कायद्याची बाजू मी अशी मांडली. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 77 प्रमाणे सामानाची घोषणा करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. शुल्कपात्र वस्तू जवळ असताना ग्रीन चॅनेलमधून जाणे म्हणजेच शुल्कपात्र काही नाही असे सांगणे. तसे सापडल्यास कलम 111 खाली वस्तू जप्त होऊ शकते, कलम 112 खाली दंड होऊ शकतो, आणि कलम 125 खाली जप्तीऐवजी सोडवणुकीचा दंड भरून वस्तू परत घ्यायची ठरवली, तरी मूळ शुल्क भरावेच लागते. साधारण बहात्तर हजार वाचवण्यासाठी दोन लाख चौतीस हजारांची वस्तू आणि त्यासोबत लग्नाच्या आधीची मनःशांती पणाला लावण्याचा हा व्यवहार आहे.

मला मात्र कायद्याच्या कलमांपेक्षा नानांच्या स्वतःच्या धंद्याची आठवण करून द्यावीशी वाटली. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाच्या अंशांवरून युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली होती, आणि नाशिक जिल्ह्यातील किती घरांवर त्याचा परिणाम झाला ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर या जिल्ह्याने युरोपचा विश्वास परत मिळवला तो प्लॉटची नोंदणी, उर्वरित अंशांची तपासणी आणि प्रत्येक पेटीचा माग लागेल अशी कागदपत्रे यांच्या जोरावर. ज्या माणसाचा माल वर्षानुवर्षे कागदावर लिहिले तेच पेटीत आहे या भरवशावर सीमा ओलांडतो, त्याने आपल्या घरच्या वस्तूसाठी सीमेवर खोटे बोलावे, हे मला पटत नव्हते, आणि मी ते तसेच बोललो. नाना क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरीच्या लग्नातली वस्तू चोरून आणायची नाही. ड्युटी भरायची.”

एक लहान सूचना मी जोडली, ती येथेही नोंदवतो. कुटुंब मगरीच्या किंवा अजगराच्या कातडीच्या पर्सचा विचार करत असेल, तर हा संपूर्ण हिशेब गैरलागू ठरतो, कारण तिथे प्रश्न शुल्काचा राहत नाही. धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागतात. त्यांची निवड गाईच्या चामड्याची होती, त्यामुळे अडचण नव्हती.

प्रत्यक्ष काय घडले

शुल्क भरूनही साडेसात हजार वाचत होते. पण एवढ्या रकमेसाठी धावपळ करण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न उरला होता. निर्णय मुलीने घेतला. तिला हवा असलेला गडद हिरवा रंग मुंबईच्या दुकानात उपलब्ध नव्हता आणि पॅरिसच्या दुकानात होता. म्हणून खरेदी पॅरिसलाच झाली, आणि ती किमतीमुळे नव्हे तर रंगामुळे झाली, हे मला या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक कारण वाटते.

नियोजनाप्रमाणे बिल आणि परताव्याचा अर्ज वहिनींच्या नावाने व त्यांच्या पासपोर्टवर करून घेतला. अत्तराच्या दोन बाटल्या आणि चॉकलेटे असे 14,000 रुपयांच्या आसपासचे बाकीचे सामान नानांच्या नावाने घेतले, म्हणजे वहिनींची 50,000 ची मर्यादा पूर्णपणे पर्ससाठी मोकळी राहिली. तेही वहिनींच्या नावाने घेतले असते तर त्या 14,000 वरही 38.5 टक्क्यांप्रमाणे 5,390 रुपये शुल्क बसले असते. एक गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली नाही: बर्लिनच्या हॉटेलने अनामत म्हणून फॉरेक्स कार्डावरील मोठी रक्कम अडकवून ठेवली आणि ती वेळेत मोकळी झाली नाही. त्यामुळे पर्सचे पैसे क्रेडिट कार्डाने द्यावे लागले आणि 9,664 रुपयांचा मार्कअप टळला नाही.

मुंबईत दोघे रेड चॅनेलला, म्हणजे शुल्कपात्र वस्तू जाहीर करण्याच्या वाटेला, गेले. वहिनींनी बिल, परताव्याचा अर्ज आणि पर्स समोर ठेवली. अधिकाऱ्याने निव्वळ रकमेची विनंती ऐकून घेतली, पण बिलाची पूर्ण रक्कम धरली आणि शुल्क 71,841 रुपये निघाले. ते भरून, पावती घेऊन बाहेर पडायला पाऊण तास लागला. गाडी कसारा घाट चढत असताना वहिनींचा फोन आला. त्यांच्या आवाजात थकवा होता, भीती अजिबात नव्हती.

परतावा पाच आठवड्यांनी कार्डावर जमा झाला. बँकेने 312 युरो 88 रुपये दराने धरल्यामुळे 28,080 ऐवजी 27,456 रुपये आले. अंतिम पोच किंमत 2,88,049 रुपये झाली आणि मुंबईच्या किमतीपेक्षा 6,951 रुपये वाचले. मुंबईहून खरेदी केली असती तर नाशिकहून जाऊन-येऊन डिझेल आणि टोल लागलाच असता, असे नाना म्हणतात आणि ते खरे आहे.

मर्यादेच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रकरण संपल्यावर मी या हिशेबाचे एक सूत्र करून ठेवले, कारण त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. वरील दर कायम धरले, तर शुल्कपात्र पर्सची पोच किंमत म्हणजे पॅरिसच्या रुपयांतील किमतीच्या 131 टक्के, वजा 19,250 रुपये. इथली किंमत पॅरिसपेक्षा 26 टक्के जास्त असेल तर पर्स जितकी महाग तितका फायदा कमी होत जातो, आणि 4,300 युरोंच्या आसपास तो पूर्ण संपतो. त्यापुढे तीच पर्स मुंबईच्या दुकानातून घेणे स्वस्त पडते.

उलट, त्याच घराण्याचे 450 युरोंचे पाकीट घेतले, तर त्याचे मूल्य 50,000 च्या आत राहते आणि शुल्क शून्य. परतावा आणि कार्डाचा खर्च धरून ते सुमारे 37,300 रुपयांना पडते, आणि इथे किमतीचे तेच प्रमाण धरले तर ते 51,000 च्या घरात असेल. म्हणजे पर्सच्या किमतीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा किंचित जास्त किमतीच्या पाकिटात पर्सच्या जवळपास दुप्पट रुपये वाचतात. परदेशातील खरेदीचा खरा आणि कायदेशीर फायदा शुल्कमुक्त मर्यादेच्या अलीकडे आहे. मर्यादा ओलांडली की पुढच्या प्रत्येक रुपयावर प्रवासी थोडे थोडे गमावत जातो. अर्थात 26 टक्के हे प्रमाण याच पर्सचे आहे. दुसऱ्या मॉडेलसाठी, दुसऱ्या वर्षासाठी, युरोच्या वेगळ्या दरासाठी ते नव्याने काढावे लागते, आणि निघण्यापूर्वी शुल्कमुक्त मर्यादा व दर दोन्ही पुन्हा तपासावे लागतात.

लग्न मे महिन्यात झाले. नंतर मुलगी आणि जावई परदेशी फिरायला निघाले तेव्हा तिने मला फोन करून विचारले की पर्स बरोबर नेली तर परतताना पुन्हा शुल्क मागतील का. जाताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घे, आणि आईने भरलेल्या शुल्काची पावती जवळ ठेव, असे मी सांगितले. ती पावती वहिनींनी आधीच पॅरिसच्या बिलासह पर्सच्या आतल्या कप्प्यात, दागिन्यांच्या पावत्या ठेवतात तशा प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिली होती.